थकलेला चौतीस आणि भिशीचा डबा

बाई, सा. न. वि. वि.

मी पूर्व भागात यंत्रमागावर कामाला आहे. वय ५२. दर आठवड्याला लॉटरीची दोन तिकिटं घेतो, दहा-दहा रुपयांची. ४९ पैकी ६ आकडे निवडायचे असा खेळ आहे. गेली नऊ वर्षं प्रत्येक सोडतीचे आकडे मी वहीत मांडून ठेवलेत. त्यावरून माझे तीन नियम बसलेत. मागच्या सोडतीत निघालेला आकडा पुढच्या वेळी घ्यायचा नाही. शेजारशेजारचे आकडे घ्यायचे नाहीत. आणि जो लई दिवस आला नाही तो धरायचा. याच नियमांनी गेल्या दिवाळीत माझे सहापैकी चार आकडे जुळले होते. आता ३४ हा आकडा ४१ सोडती झाल्या तरी आलेला नाही. थकलाय, आता येणारच. या महिन्यात मला भिशीचे ४० हजार लागले. ते सगळे ३४ धरून तिकिटांत घालावेत असं मनात आहे. घरच्यांना पावसाळ्याआधी छताचे पत्रे बदलायचेत. मुलगा बीसीए करतो. तो म्हणतो, "१-२-३-४-५-६ घातलं तरी तेवढाच चान्स, तुमची वही रद्दीत घाला." त्यावरून दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नाही. १-२-३-४-५-६ कधी येतं का वो? कुणाचं बरोबर, तुम्हीच सांगा.

— एक वाचक, सोलापूर

*

दादा, आधी पत्रे बदलून घ्या. माझं पत्र त्यानंतर वाचलंत तरी चालेल. गणित कुठे पळून जात नाही, आणि पाऊस उशिरा का होईना, सोलापुरातही येतोच.

आता भांडणाचा निकाल. हिशोबात मुलगा बरोबर आहे. वहीच्या बाबतीत तो साफ चुकलाय. नऊ वर्षं एकेक सोडत मांडलेली वही रद्दीत घालतात होय? मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण शक्यता शिकवायला असली वही माझ्या हाताला कधी लागली नाही. अडचण एवढीच की तुम्ही तिला तुमच्या बाजूची साक्षीदार समजताय. तिला नीट बोलतं केलंत तर ती मुलाच्या बाजूने बोलेल.

सुरुवात भिशीपासून करते. तुमचा घोटाळा झालाय तो तिथेच, असं मला वाटतं.

४० हजारांची भिशी म्हणजे समजा वीस जण, दोन-दोन हजार. स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या. पहिल्या महिन्यात तुमचं नाव निघायची शक्यता विसात एक. ज्याचं नाव निघालं त्याची चिठ्ठी फाडून टाकतात, ती परत डब्यात जात नाही. म्हणून तेरा महिने तुमचं नाव निघालं नसेल तर चौदाव्या महिन्यात डब्यात सातच चिठ्ठ्या उरतात, आणि तुमची शक्यता होते सातात एक. एकोणिसाव्या महिन्यात दोघंच. विसाव्यात चिठ्ठी काढायचीही गरज नाही, डबा उघडायच्या आधीच पैसे कुणाचे ते ठाऊक असतं. भिशीत जो थकलाय त्याचा नंबर खरोखरच जवळ आलेला असतो. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पण "आता चारच बायका राहिल्यात, पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपलं निघतंय" असं म्हणून त्या नणंदेच्या बाळंतविड्याचा खर्च त्यावर धरायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. हाऊजीतही तसंच, पुकारलेला आकडा पिशवीत परत जात नाही.

हे शहाणपण तुम्ही उचललंत आणि लॉटरीच्या यंत्रात नेऊन घातलंत. तिथे निघालेले सहाही चेंडू पुढच्या सोडतीला परत आत जातात. दर वेळी पुरे ४९. तुमच्या कारखान्यातल्या भिशीवाल्याने दर महिन्याला वीसच्या वीस चिठ्ठ्या नव्याने डब्यात घातल्या तर काय होईल, सांगा बघू. कुणाला वर्षात दोनदा लागेल, कुणी दोन वर्षं नुसते पैसे भरत बसेल, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात मारामारी होईल. लॉटरी ही तसली भिशी आहे. चेंडूवर आकडा रंगवलेला असतो, शेवटचा कधी बाहेर आला होता ती तारीख लिहिलेली नसते. ३४ निघायची शक्यता ४९ मध्ये ६, म्हणजे साधारण १२ टक्के. परवा निघाला असता तरी तेवढीच, आणि ४१ सोडती दडून बसला तरी तेवढीच.

तुम्ही म्हणाल, "पण ४१ म्हणजे जरा जास्तच झालं की वो, बाई." बरं, करू हिशोब. एका सोडतीत ३४ न निघायची शक्यता ४९ मध्ये ४३. हा अपूर्णांक स्वतःशीच ४१ वेळा गुणला की उत्तर येतं २१२ मध्ये एक. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण तुमच्या वहीत साधारण ४५० ओळी, ओळीत सहा, म्हणजे २,७०० नोंदी आहेत. प्रत्येक नोंद म्हणजे एका आकड्याचं येणं, आणि तो आला की पुन्हा येईपर्यंतची त्याची वाट पाहणं सुरू. अशा २,७०० वाटा. त्यातल्या दर २१२ मागे एक ४१ सोडतींची किंवा त्याहून लांब. भागाकार करा, बारा-तेरा येतात. याचा अर्थ ३४ सारखा ताठून बसलेला आकडा तुमच्या वहीत याआधीही दहा-बारा वेळा दिसायला हवा. तेव्हा तो तुमच्या नजरेत भरला नाही, कारण तेव्हा हातात भिशीचे ४० हजार नव्हते.

थकलेल्या आकड्याच्या मागे लागणारे तुम्ही पहिले नाही. इटलीत एक जुनी लॉटरी आहे. तिथे शहरागणिक वेगळी सोडत होते, ९० पैकी ५ आकडे काढतात. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ च्या मेनंतर निघायचाच बंद झाला. आज येईल, उद्या येईल म्हणत अख्खा देश ५३ वर पैसे लावत गेला. वाढवत गेला, अब्जावधी युरो. घरं मोडली, कर्जं झाली, काहींनी जीव दिले. शेवटी ९ फेब्रुवारी २००५ ला, १८२ सोडतींनंतर, ५३ निघाला. त्या दिवशीही त्याची शक्यता १८ मध्ये एकच होती, पहिल्या दिवशी होती तेवढीच. तुमचे ४१ घेऊन तुम्ही त्या लोकांपुढे बसलात तर ते तुम्हाला कोवळं पोर म्हणतील.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने धरून बघते, न्याय म्हणून. समजा देवाने तुमच्या कानात येऊन सांगितलं की या सोडतीत ३४ नक्की निघणार. मग ४० हजार घालावेत का? ३४ पक्का, पण उरलेले पाच आकडे तर ४८ मधून निवडायचेतच. त्या निवडी होतात १७,१२,३०४. तुमच्या ४० हजारांत तिकिटं बसतात चार हजार. देव खरं बोलला तरी ४२८ मध्ये एक. आणि तो बोलला नसेल तर, म्हणजे आपल्या नेहमीच्या जगात, साधारण ३,५०० मध्ये एक. गळणाऱ्या छताशेजारी हा आकडा ठेवून बघा.

*

मुलाच्या १-२-३-४-५-६ वर येते. त्याने सांगितलेलं खरं आहे, पण सांगायची पद्धत अशी की बापाला ते टोमण्यासारखं लागावं. पोरं असतातच तशी.

एकूण निवडी किती, ते आधी मोजू. पहिला चेंडू ४९ पैकी कुठलाही, दुसरा उरलेल्या ४८ पैकी, मग ४७, ४६, ४५, ४४. सगळ्यांचा गुणाकार १,००६ कोटी ८३ लाख ४७ हजार ५२०. पण लॉटरीत क्रम बघत नाहीत. आधी १९ आला आणि मग ७, की आधी ७ आणि मग १९, तिकीट तेच. म्हणून सहा चेंडूंचे जेवढे क्रम होतात तेवढ्याने भागायचं.

हे क्रम मोजायची रीत आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त अंकपाश नावाचं प्रकरणच लिहिलंय. त्यात ते विचारतात, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं अदलाबदल करून किती तऱ्हांनी देता येतील? चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, चोवीस. संध्येत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतात, त्या चोवीस मूर्तींत फरक असतो तो या आयुधांच्या अदलाबदलीचाच. त्याच श्लोकात ते शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं देतात, तेव्हा आकडा जातो ३६,२८,८०० वर. (आपला पंढरीचा विठोबा दोन्ही हात कटेवर ठेवून उभा. त्याने गणिताच्या बाईंचा एक प्रश्न वाचवला.) तर सहा चेंडूंचे क्रम होतात ७२०. त्याने भागलं की उरतात १,३९,८३,८१६ निवडी. जवळजवळ एक कोटी चाळीस लाख.

त्या एक कोटी चाळीस लाखांत १-२-३-४-५-६ ही एक निवड आहे. तुमची लाडकी ७-१३-२१-२८-३४-४६ का काय असेल, तीही एक. (तेरा असणारच त्यात. आपल्या प्रत्येक गाडीवर एमएच १३ लिहिलेलं, सोलापूरकर तेरा कसा सोडेल?) यंत्राला दोन्ही सारख्या.

मग १-२-३-४-५-६ येणारच नाही असं मन का सांगतं? मन दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करतं, म्हणून. सलग सहा आकडे असलेल्या निवडी एकंदर ४४ च आहेत, १ ते ६ पासून ४४ ते ४९ पर्यंत. विस्कटलेल्या निवडी एक कोटीच्या वर. म्हणून प्रत्येक आठवड्याला काहीतरी विस्कटलेलंच निघणार, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. पण तुम्ही "काहीतरी विस्कटलेलं" असं तिकीट विकत घेत नाही, घेताही येत नाही. तुम्ही एक विशिष्ट विस्कटलेली निवड घेता, आणि ती १-२-३-४-५-६ एवढीच एकटी आहे. एखादी ठरावीक निवड निघायला आठवड्याला एक सोडत या हिशोबाने सरासरी २ लाख ६८ हजार वर्षं लागतात. १-२-३-४-५-६ ला तेवढी, तुमच्या निवडीलाही तेवढीच. म्हणजे तुमचा "ते कधी येत नाही" हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त तो दोन्ही तिकिटांना लावा.

बसस्टँडजवळ एक कागदी लॉटरीवाले आहेत. पाच आकडी नंबरांची तिकिटं फळीवर क्लिपा लावून टांगलेली असतात. एकदा संध्याकाळी बस चुकली म्हणून मी तिथे उभी होते. फळी जवळजवळ रिकामी, मधोमध एकच तिकीट लोंबतंय. नंबर २२२२२. मी विचारलं, हे कसं राहिलं? ते म्हणाले, "बाई, हे कोण घेतंय वो? सकाळपासून दहा जणांनी हातात घेतलं आन् परत लावलं." तेवढ्यात एक गृहस्थ आले, त्यांनी ते तिकीट अंगठ्याने बाजूला सारलं, मागे काही आहे का पाहिलं आणि गेले. ००००० ते ९९९९९ असे एक लाख नंबर, त्यात २२२२२ एक आणि ४७१९३ एक. पण ४७१९३ चेहरा नसलेला माणूस आहे, गर्दीत खपून जातो. २२२२२ कडे सगळे वळून बघतात आणि ठरवतात, याला काही लागत नाही.

शाळेत मी दरवर्षी एक खेळ करायची. आठवीच्या अर्ध्या वर्गाला सांगायचं, शंभर वेळा नाणं उडवा आणि छापा-काटा लिहा. उरलेल्या अर्ध्यांना सांगायचं, नाणं न उडवता मनानेच शंभर लिहा, मला फसवा. मी वर्गाबाहेर जायची. परत येऊन वह्या बघून सांगायची कुठली खरी, कुठली खोटी. पोरांना वाटायचं बाईंना काहीतरी येतं. येत काही नव्हतं. खोट्या वहीत सलग पाच छापे किंवा पाच काटे कुणी लिहीत नाही, लिहिताना हात आखडतो. खऱ्या नाण्यात शंभर वेळांत पाच सलग जवळजवळ हमखास येतात, शंभरातल्या ९७ वह्यांत. तुमचा शेजारचे आकडे टाळायचा नियम त्या आखडलेल्या हातातूनच आलाय.

आणि इथे वहीची साक्ष लागते. ४९ पैकी ६ आकडे काढले तर त्यात निदान एक शेजारची जोडी, १७-१८, ४०-४१ अशी, असायची शक्यता ४९.५ टक्के आहे. अर्ध्या सोडतींत! तुम्ही नऊ वर्षं हातांनी लिहिलंत आणि तरी नजरेला पडलं नाही, कारण तुम्ही ते शोधत नव्हता. दुसरा नियम, मागच्या सोडतीतला आकडा पुन्हा न घेण्याचा. मागच्या सहापैकी निदान एक आकडा पुढच्या सोडतीत पुन्हा यायची शक्यता ५६ टक्के. म्हणजे तो नियम निम्म्याहून जास्त वेळा तुमच्या डोळ्यांदेखत मोडला गेलाय.

सगळेच्या सगळे पुन्हा आले तर? बल्गेरियात तेही झालं. ६ सप्टेंबर २००९ ला निघाले ४, १५, २३, २४, ३५, ४२. चार दिवसांनी, १० तारखेला, पुन्हा तेच सहा, क्रम तेवढा वेगळा. चौकशी लागली, लबाडी सापडली नाही. त्यात २३-२४ जोडीही आहे बघा, तुमचे दोन नियम एकदमच निकालात. पहिल्या वेळी ते आकडे कुणाकडेच नव्हते. दुसऱ्या वेळी १८ जणांकडे होते.

*

आता ज्याचा तुम्हाला खरोखर उपयोग आहे, आणि जे मुलाने सांगितलं नाही. १-२-३-४-५-६ निघायची शक्यता इतरांएवढीच असली तरी मी ते कुणाला घ्यायला सांगणार नाही. अशा खेळात मोठं बक्षीस जिंकणाऱ्यांत वाटलं जातं, आणि गमतीने असे आकडे घालणारे ढिगाने असतात. दक्षिण आफ्रिकेत १ डिसेंबर २०२० च्या सोडतीत ५, ६, ७, ८, ९ आणि वेगळ्या काढायच्या चेंडूवर १० निघाला. लोक म्हणाले, ठरवून काढलं. पण सगळे आकडे बरोबर असणारे वीस जण निघाले, आणि बक्षिसाचे वीस वाटे झाले. ब्रिटनमध्ये जानेवारी १९९५ च्या एका सोडतीत तर १३३ जण एकदम जिंकले. १ कोटी ६० लाख पौंडांच्या जॅकपॉटमधून एकेकाच्या वाट्याला सव्वा लाखही आले नाहीत.

वाढदिवसाच्या तारखांचंही तेच. लोक मुलांच्या, लग्नाच्या तारखा घालतात, म्हणजे ३१ च्या आतच फिरतात. तेव्हा वीस रुपये घालायचेच असतील तर ३१ च्या वरचे, कुणाला न आवडणारे, नाव-गाव नसलेले आकडे घ्या. त्याने जिंकायची शक्यता कणभरही वाढत नाही. जिंकलात तर भागीदार कमी, एवढंच. आकडा निवडण्यात मला दिसतो तो एवढाच काय तो अक्कलहुशारीचा भाग.

"तीन सम, तीन विषम घ्या" असं सांगणारेही तुम्हाला भेटले असतील, पुड्या बांधून विकतात ते. एक तृतीयांश सोडतींत तीन-तीन निघतात हे खरंय. एक तृतीयांश निवडीच तशा आहेत, म्हणून निघतात. सोडून द्या.

दिवाळीतले चार जुळलेले आकडे तुमच्या मनातून जात नाहीत, ते पत्रातून दिसतं. सहापैकी बरोबर चार जुळायची शक्यता एका तिकिटाला १,०३२ मध्ये एक. तुम्ही आठवड्याला दोन या हिशोबाने ९०० तिकिटं घेतलीत. एवढ्या तिकिटांत निदान एकदा चार जुळण्याची शक्यता न जुळण्यापेक्षा जास्त आहे, ५८ टक्के. कुठलाही नियम न लावता, डोळे मिटून आकडे घातले असते तरी. आणि "दोनानेच हुकलं" यात काही जवळ आलेलं नसतं. मागावर ताण्याचा धागा तुटला तर तो सांधून पुढे विणता येतं, आधीचं कापड वाया जात नाही. इथे दिवाळीचे चार आकडे पुढच्या सोडतीला सांधता येत नाहीत. दर आठवड्याला नवा ताणा भरायचा.

खर्चाचंही बोलू. नऊ वर्षांत तुमचे नऊ हजार गेले. मला त्यात काही वाटत नाही, खरंच. आठवड्याला वीस रुपयांत माणूस चार दिवस मनात घर बांधतो, पोरीचं लग्न करून देतो. चहालाही तेवढे जातात. मी स्वतः तिकीट घेत नाही, पण घेणाऱ्याला नावंही ठेवत नाही. माझं भांडण ४० हजारांशी आहे. तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे. बक्षीस लागलं तर त्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर, मिळून ३१.२ टक्के जातात. हरलेले पैसे त्यातून वजा दाखवता येत नाहीत. म्हणजे जाताना वाटा, येतानाही वाटा.

तिकीट कुठून घेता ते तुम्ही लिहिलं नाहीत. राज्य सरकारची कागदी लॉटरी १९६९ पासून आहे, ती राजरोस आहे. पण कुणी चिठ्ठीवर आकडा खरडून देत असेल, किंवा ओपन-क्लोजची भाषा करत असेल, तर तो मटका. त्याला १८८७ पासूनचा कायदा आडवा येतो. लॉटरीच्या १९९८ च्या कायद्यातही एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायला मनाई आहे. तिथे ४० हजार घातलेत तर शक्यतेचा हिशोब करायची वेळच येणार नाही, दाद कुणाकडे मागणार?

मुलाशी बोलणं मात्र आजच सुरू करा. सुरुवात तुम्हीच करायची, तुम्ही मोठे. एखाद्या रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात घेऊन दोघं वहीसमोर बसा. तुम्ही ओळी वाचा, त्याला टिकल्या मारू द्या. ज्या ओळीत एखादी शेजारची जोडी सापडेल, तिथे टिकली. ३४ चं नाव त्या दिवशी कुणी काढायचं नाही. ४५० ओळी म्हणजे दीड-दोन तासांचं काम.

टिकल्या मोजून आकडा मला कळवा. मी तुमची वही पाहिलेली नाही, पण माझा अंदाज इथेच छापून ठेवते: २२३. वीसेक इकडे-तिकडे.